वाचकांचे प्रश्न : बालीच्या पुढे, फ्लोरेस आणि सुंबा

बालीच्या पूर्वेला इंडोनेशियाचाच 'नुसा तेंगारा तिमूर' नावाचा प्रांत आहे. फ्लोरेस, सुंबा, तिमोरचा पश्चिम भाग, आलोर, लेंबाता, कोमोडो आणि शेकडो लहान बेटं मिळून १९५८ साली तो वेगळा झाला. कुपांग ही त्याची राजधानी. या प्रांताबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. दहा दिवसांत फ्लोरेस, सुंबा, कोमोडो आणि तिमोर असं सगळं पाहता येईल का? आणि वाए रेबोला जावं का? (परभणी)

नाही. दहा दिवसांत एकच बेट नीट पाहून होतं. नकाशावर फ्लोरेस चिंचोळं दिसतं, पण पश्चिमेच्या लाबुआन बाजोपासून पूर्वेच्या लारांतुकापर्यंतचा रस्ता ७०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि जवळजवळ सगळा घाटाचा. ताशी ३० किलोमीटरच धरा. लाबुआन बाजो ते रुतेंग चार तास, रुतेंग ते बाजावा साडेचार-पाच, बाजावा ते एंदे चार, एंदे ते मोनी दोन, मोनी ते माउमेरे तीन-साडेतीन. हा कोरड्या दिवसांतला हिशोब. पावसात दरड आली की अर्धा दिवस रस्त्यावरच जातो.

म्हणून प्रवास एकाच दिशेने आखा. बालीहून विमानाने लाबुआन बाजोला उतरा आणि माउमेरेहून विमानाने बालीला परता. मुक्काम असे ठेवा: लाबुआन बाजोला दोन रात्री, रुतेंगला एक, बाजावाला दोन, मोनीला दोन, माउमेरेला एक आणि शेवटची रात्र बालीत. ही शेवटची रात्र वाचवायला जाऊ नका. बेटांवरची विमानं लहान असतात, हवामानाने ती रद्द होतात, आणि पूर्व फ्लोरेसमधला लेवोतोबी लाकी-लाकी हा ज्वालामुखी जागा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या राखेमुळे बालीची विमानंसुद्धा थांबली होती. घरून निघतानाही तेच पथ्य पाळा. देवगिरी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते म्हणून त्याच दुपारचं विमान धरायचं नाही.

गाडी ड्रायव्हरसकट ठरवा. दिवसाच्या भाड्यात डिझेल, ड्रायव्हरचं जेवण-मुक्काम आणि माउमेरेहून रिकामी गाडी परत नेण्याचा खर्च धरला आहे का, हे आधी लिहून घ्या. भांडणं होतात ती बहुतेक या रिकाम्या परतीवरून.

रुतेंगच्या अलीकडे चांचार गावाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारखी आखलेली भातशेती आहे. मांग्गाराई लोक तिला 'लिंग्को' म्हणतात. मधल्या बिंदूपासून बाहेरच्या कडेपर्यंत कुटुंबागणिक वाटे पाडलेले असतात. टेकडी चढायला पंधरा मिनिटं पुरतात. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर गेलात तर बांध स्पष्ट दिसतात. रुतेंगपासून १४ किलोमीटरवर लियांग बुआ ही गुहा आहे. २००३ साली जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या प्राचीन मानवाचे, होमो फ्लोरेसिएन्सिसचे, अवशेष तिथेच सापडले.

मोनीला दोन रात्री सांगितल्या त्या केलिमुतूसाठी. १,६३९ मीटर उंचीच्या या डोंगरावर तीन विवर-तलाव आहेत आणि तिघांचे रंग वेगवेगळे. खालून येणारे वायू प्रत्येक तलावात निराळ्या प्रमाणात मिसळतात, त्यानुसार पाण्यातल्या खनिजांची रासायनिक अवस्था पालटते आणि रंगही. त्यामुळे फोटोत पाहिलेलाच रंग दिसेल, असं धरून चालू नका. लिओ लोकांच्या श्रद्धेप्रमाणे मृतांचे आत्मे इथे येतात: वृद्धांचा तलाव वेगळा, तरुणांचा वेगळा, वाईट कर्मं केलेल्यांचा वेगळा. दरवर्षी १४ ऑगस्टला पूर्वजांना नैवेद्य दाखवायचा 'पाती का' हा विधी तिथे होतो. सकाळी आठ-नऊनंतर ढग भरून येतात. पहिली पहाट धुक्यात गेली, तर हाताशी दुसरी असावी. मोनीपासून पार्किंग १३-१४ किलोमीटर, पुढे वीस-तीस मिनिटांची वाट आणि शेवटी पायऱ्या. पहाटे स्वेटर लागतोच.

वाए रेबोचं विचारलंत. डोंगरातलं ते मांग्गाराई गाव, शंकूसारखी सात उंच घरं, अप्रतिम आहे. या घरांच्या जतनाला २०१२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. प्रत्येक घराला पाच मजले: खाली राहणं, वर धान्य, त्यावर बियाणं, त्यावर दुष्काळासाठी राखून ठेवलेलं धान्य आणि अगदी वर पूर्वजांचा नैवेद्य. पण देंगे गावाच्या बाजूने दोन-अडीच तासांची चढण आहे, वाटेत जळवा आहेत आणि उतरताना गुडघ्यांवर भार येतो. गुडघे दुखत असतील तर ते सोडा आणि बाजावाजवळच्या बेनाला जास्त वेळ द्या. तिथे इनेरी डोंगराच्या पायथ्याशी, गाडी जाते तिथेच, पाषाणवेदींचं गाव आहे. अंगणातले छत्रीसारखे खांब म्हणजे 'न्गाधू', घराण्याच्या मूळ पुरुषाचे. छोटी गवती घरं म्हणजे 'भागा', मूळ स्त्रीची. दोन्ही जोडीनेच असतात.

आमचं शेतीचं वेळापत्रक. सवड मिळते ती पेरणीआधी, नाहीतर दिवाळीनंतर. कधी जावं? (केज, जिल्हा बीड)

पेरणीआधी. मे महिना या प्रांतासाठी उत्तम: पाऊस संपलेला, डोंगर अजून हिरवे, समुद्र निवळलेला, आणि जुलै-ऑगस्टची युरोपीय गर्दी सुरू व्हायची असते. मृगाआधी घरी परतता येतं. दिवाळीनंतर गेलात तर नोव्हेंबरमध्ये आधी तलखी आणि मग पावसाची सुरुवात. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेचे वारे सुटले की बेटांमधल्या बोटी दिवसच्या दिवस बंद राहतात. सुंबा मात्र ऑक्टोबरमध्येही बघण्यासारखं आहे. माळ पिवळे पडलेले असतात, धूळ असते, पण रस्ते मोकळे मिळतात.

पैठणीच्या व्यवसायात आहे. सुंबाच्या इकतबद्दल ऐकलं. अस्सल कसं ओळखायचं, कुठे घ्यायचं? (पैठण)

पैठणीत नक्षी बाण्याने, म्हणजे आडव्या धाग्याने, मागावर भरतात. सुंबाच्या इकत कापडात नक्षी विणण्याआधीच ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांवर रंगवलेली असते, आणि तपासायचं तेही तिथेच.

सुती धागे चौकटीवर ताणून त्यांच्या जुड्या करतात. जो भाग रंगू द्यायचा नाही तो ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानाच्या पट्टीने, हल्ली बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या सुतळीने, करकचून बांधतात. आधी निळीत बुडवतात. काही गाठी कापतात, काही नव्या मारतात, मग लाल. निळ्यावर लाल चढलं की काळपट तपकिरी उठतो. निळीची पानं पाण्यात कुजवून त्यात चुना घालतात. लाल रंग 'कोंबू'च्या मुळांचा. कोंबू म्हणजे आपल्या बारतोंडीच्या, म्हणजे आलच्या, कुळातलं झाड. नुसत्या मुळीने लाल टिकत नाही. त्याआधी धागा तेलबियांच्या कुटात मळून मुरवावा लागतो आणि रंगात 'लोबा' घालावा लागतो. लोबा हा लोध्राच्या जातीचा आहे. त्याच्या पानात-सालीत ॲल्युमिनियम साठलेलं असतं, म्हणून तो तुरटीचं काम करतो. निळीचं काम पावसाच्या अखेरीला, पानं भरात असताना. लालचं कोरड्या दिवसांत. त्यामुळे नैसर्गिक रंगाचं एक 'हिंग्गी', म्हणजे पुरुषाचं वस्त्र, पुरं व्हायला वर्ष सहज जातं. चार दिवसांत ऑर्डर करून देतो म्हणणाऱ्याकडचं ते नसतं.

आता पारख. एक, उलट-सुलट पाहा. धागाच रंगवलेला असल्याने दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात. छापील कापडाची मागची बाजू फिकी पडते. दोन, नक्षीच्या कडा बघा. ताण्याच्या दिशेने त्या किंचित विस्कटलेल्या असतात, कारण विणताना धागे जरासे सरकतात. चारही बाजूंनी सुरीने कापल्यासारख्या रेषा असतील तर संशय घ्या. तीन, मधली शिवण. कमरेला पट्टा बांधून विणायच्या मागावर पन्हा अरुंद निघतो, म्हणून हिंग्गी दोन पट्ट्या जोडून करतात. शिवणीवर घोड्याचे पाय आणि पाठ जुळतात का पाहा. जुळवणी नीट असेल तर बांधणारी बाई हुशार. शिवणीशिवाय सलग रुंद तुकडा मिळाला तर तो बहुधा मध्य जावातल्या त्रोसोसारख्या गावातला, उभ्या हातमागावरचा. तो माल वाईट नसतो, पण सुंबाचा म्हणून सुंबाच्या भावात घेऊ नये. चार, ओल्या पांढऱ्या रुमालाने घासायची युक्ती लोक सांगतात. तिने फसाल. अस्सल निळीचाही थोडा रंग रुमालाला लागतो. पाण्यात टाकताच भडक लाल सुटला तर मात्र रासायनिक रंग नीट पक्का केलेला नाही असं समजा.

नक्षीत घोडे, हरणं, कोंबडे, मगरी आणि मुंडकी टांगलेलं झाड दिसेल. चौकोनी-फुलांची एक नक्षी 'पातोला रातू' या नावाने ओळखतात. डच व्यापारी मसाल्याच्या बदल्यात गुजरातचे पटोळे या बेटांवर आणत, ते राजघराण्यांपुरते राखलेले असत, आणि त्यांचीच नक्कल इथल्या मागावर उतरली. तुमच्या धंद्यातल्या माणसाने ही नक्षी जरूर हातात घेऊन पाहावी.

वाइंगापू शहरातल्या प्राइलिउत, तिथून पूर्वेला रेंडे आणि कालिउदा इथे विणणाऱ्यांच्या ओसरीवर थेट खरेदी होते. आधी बसा, काम पाहा, मग भाव विचारा. थोडी घासाघीस चालते, पण निम्म्याने मागू नका. मृताला गुंडाळायला घरात राखून ठेवलेली जुनी वस्त्रं कुणी नडीपायी विकायला काढली, तर घेऊ नका. घरी आणल्यावर रिठ्याच्या गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवा.

पारंपरिक गावात शिरताना काय न्यावं? मुलांना खाऊ, वह्या दिल्या तर चालतील? (औसा, जिल्हा लातूर)

मुलांना काहीही हातात देऊ नका. पहिल्या गाडीने गोळ्या वाटल्या की दहाव्या गाडीमागे पोरं शाळा बुडवून पळतात. द्यायचंच असेल तर गावच्या प्रमुखाशी किंवा शिक्षकाशी बोलून द्या.

मोठ्यांसाठी विडा न्या. 'सिरी-पिनांग' म्हणजे पान-सुपारी, पण इथे पानाऐवजी वेलीची लांबट हिरवी शेंगेसारखी फळं खातात. ओली किंवा वाळलेली सुपारी तोडायची, फळाचं टोक चुन्यात बुडवायचं आणि दोन्ही एकत्र चावायचं. बाजारात सुपारी, फळं आणि चुना यांचे लहान लहान ढीग मांडून बायका बसलेल्या असतात. दोन-तीन गावांना पुरेल एवढं तिथूनच घ्या. यजमानाने पुढे केला तर विडा घ्यावाच. खायचा नसेल तर हातात धरून ठेवा. परत करणं किंवा बाजूला ठेवणं हा अपमान.

बहुतेक गावांत वहीत नाव लिहून देणगी देतात. गुडघे झाकणारे कपडे घाला. सुंबात घरासमोरच्या मोठाल्या शिळा म्हणजे थडगी. फोटोसाठी त्यांवर चढू नका. वाए रेबोत मुख्य घरात पाहुण्यांसाठी पूर्वजांची परवानगी मागायचा विधी होतो. तो होईपर्यंत कॅमेरा बंद. सुंबाच्या घराचं उंच छप्पर रिकामं नसतं: खाली जनावरं, मध्ये माणसं आणि वर 'मारापू', म्हणजे पूर्वजांची दैवतं आणि त्यांच्या पवित्र वस्तू. वर डोकावण्याचा आग्रह धरू नये.

आम्ही माळकरी. मांस, मासे, अंडं काहीच चालत नाही. उपाशी राहू का? (अंबाजोगाई)

उपाशी राहणार नाही, पण नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागणार नाही. 'दागिंग नको' म्हटलं तर कोंबडी आणि मासा ताटात येतो, कारण दागिंग म्हणजे लाल मांस. सगळं मोजून सांगा: 'तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, तेलुर', म्हणजे मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, अंडं खात नाही. आणि शेवटी 'तांपा तेरासी' हे शब्द हवेतच. तेरासी ही आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट. ती मिरचीच्या ठेच्यात असते आणि नुसत्या पालेभाजीतही पडते. पापडासारखे दिसणारे 'क्रुपुक' बऱ्याचदा कोळंबीचेच असतात. पाकिटातल्या नूडल्सचा मसाला कोंबडीचा.

बिनधास्त खायचं ते: भात, तळलेलं तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू (सोयाबीनचं पनीर), कसाव्याच्या पानांची भाजी, उकडलेले कंद, केळी. शेवग्याच्या पाल्याचं पातळ कालवण इथे घरोघरी होतं; 'सायूर केलोर' म्हणून मागा. तिमोरच्या बाजूला 'जागुंग बोसे' मिळतं, म्हणजे कांडून साल काढलेला मका आणि शेंगदाण्यासारखे दाणे एकत्र शिजवलेले. त्यात मांस टाकलं आहे का, एवढं विचारा. पूर्व फ्लोरेसच्या कोरडवाहू भागात ज्वारी पुन्हा लावू लागले आहेत. ती भातासारखी शिजवून खातात, भाकरीची अपेक्षा नको.

बरोबर शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि दाळवं न्या, सगळं पाकिटबंद. धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरते. ताजी फळं, भाज्या आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

पासोलाचे फोटो काढायचे आहेत. तारीख कुठे मिळेल? (नांदेड)

पश्चिम सुंबात गवताळ मैदानावर घोडेस्वारांचे दोन पक्ष एकमेकांवर लाकडी भाले फेकतात, तो पासोला. कोडी आणि लांबोया इथे फेब्रुवारीत, वानोकाका आणि गाउरा इथे मार्चमध्ये. तारीख छापील कॅलेंडरात नसते. 'रातो' म्हणजे गावचे पुजारी चंद्र पाहून आणि 'न्याले' हे समुद्रकिडे किनाऱ्याला कधी येतील यावरून ती ठरवतात. साधारण पौर्णिमेनंतरचे दिवस. म्हणून पश्चिम सुंबातल्या तांबोलाका विमानतळाचं तिकीट बदलता येणारं घ्या आणि पुढेमागे तीन दिवस मोकळे ठेवा.

पहाटे किनाऱ्यावर न्याले गोळा करण्याचा विधी होतो, तो चुकवू नका. मैदानात दोन्ही पक्षांच्या मधल्या रेषेजवळ उभं राहायचं नाही. घोडे तिथेच वळतात आणि नेम चुकलेले भाले तिथेच पडतात. एका पक्षाच्या मागच्या बाजूला, उंचवट्यावर जागा धरा. २०० मिलिमीटरची लेन्स पुरते. पावसाळा आहे, कॅमेऱ्याला आवरण हवं. सांडलेलं रक्त पिकाला शुभ मानतात, त्यामुळे जखमा होतात आणि कधी प्रेक्षकांतही वाद पेटतो. दगड उडायला लागले तर कॅमेरा पिशवीत टाका आणि गाडीकडे चला. ड्रोन रातोंच्या परवानगीशिवाय नाही.

माझं औषधाचं दुकान आहे. इथून जाणाऱ्या लोकांना काय सांगू? (वसमत, जिल्हा हिंगोली)

दोनच गोष्टी पक्क्या सांगा, मलेरिया आणि कुत्रे. बालीच्या पर्यटनभागात मलेरिया जवळजवळ नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. या प्रांतात, विशेषतः सुंबात, तो आहे. इंडोनेशियात क्लोरोक्विनला दाद न देणारे परजीवी आहेत, त्यामुळे जुन्या सवयीने ती गोळी देऊ नका. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन किंवा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल लिहून देतील. दोन्ही जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करायच्या; परतल्यावर पहिली चार आठवडे, दुसरी सात दिवस चालू ठेवायची. लोक चुकतात ते इथेच, घरी आले की गोळी बंद. डॉक्सिसायक्लिनने ऊन बाधतं आणि ती उपाशीपोटी घशात अडकली तर जळजळ होते. भरपूर पाणी पिऊन घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही. परतल्यावर काही महिन्यांतही ताप आला तर प्रवासाचं सांगून रक्त तपासून घ्यावं, कारण व्हायवॅक्स हा मलेरियाचा परजीवी यकृतात दबा धरून बसतो.

फ्लोरेसमध्ये १९९७ पासून रेबीज आहे. कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. लहान गावात इम्युनोग्लोब्युलिन (लसीबरोबर द्यायचं प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मिळेलच असं नाही. आधीच लस घेऊन गेलेल्याला त्याची गरज पडत नाही, म्हणून लांबच्या मुक्कामाला जाणाऱ्याने ती घेऊन जावी.

व्हिसा आणि पैशाचं कसं? (जालना)

भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसा पोचल्यावर मिळतो, ऑनलाइनही काढता येतो. शुल्क ५ लाख रुपियाह, एकदा ३० दिवसांनी वाढवता येतो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी आणि परतीचं तिकीट जवळ ठेवा. रुपयांतल्या हिशोबासाठी रुपियाहची शेवटची तीन शून्यं काढून पाचने गुणा, थोडं वर धरा. १,००,००० ची नोट लाल, १०,००० ची जांभळी. अंधारात आणि घाईत त्यांचीच गल्लत होते. लाबुआन बाजो, रुतेंग, बाजावा, एंदे, माउमेरे इथे एटीएम आहेत. मोनीला आणि गावांत रोख लागते, आणि बंध्या नोटांना सुटे मिळत नाहीत, म्हणून शहरातच मोडून घ्या.

दोन मुलं, सात आणि दहा वर्षांची. कोमोडो सुरक्षित आहे का? (तुळजापूर, जिल्हा धाराशिव)

नियम पाळले तर आहे. राष्ट्रीय उद्यान १९८० चं, १९९१ पासून जागतिक वारसा. रेंजरशिवाय पाऊल टाकायचं नाही. तीन मीटरपर्यंत वाढणारा कोमोडो ड्रॅगन, म्हणजे घोरपडीच्या कुळातला महाकाय प्राणी, निपचित पडलेला दिसतो आणि क्षणात धावतो. चाव्यात विष असतं. मुलं मोठ्यांच्या मध्ये चालतील, पळणार नाहीत, उकिडवी बसणार नाहीत. अंगावर उघडी जखम असेल किंवा मासिक पाळी चालू असेल तर रेंजरला आधी सांगा. मुलांसाठी कोमोडो बेटापेक्षा रिंचा बरं: जवळ पडतं आणि तिथे जमिनीपासून उंच उचललेला पादचारी मार्ग आहे. जुलै-ऑगस्ट हा त्यांच्या मिलनाचा काळ, तेव्हा ते रानात पांगतात आणि कमी दिसतात.

खरी काळजी बोटीची घ्या. पैसे देण्याआधी बोट डोळ्यांनी पाहा, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं काढून घालून बघा, रात्री प्रवास करणारी बोट नको. बंदर अधिकाऱ्यांनी समुद्र बंद केला असेल तर 'आम्ही नेतो' म्हणणाऱ्याबरोबर जायचं नाही. बेटांमधल्या खाड्यांत ओढ जबर असते. पोहणं मार्गदर्शक सांगेल तिथेच. उद्यानाची शुल्कं वरचेवर बदलतात, तेव्हा बोटीच्या भावात ती धरली आहेत का, हे लेखी घ्या.

मोबाइल आणि चार्जर? (उमरी, जिल्हा नांदेड)

घाटात आणि सुंबात टेलकोमसेलचंच नेटवर्क टिकतं, सिम विमानतळावर पासपोर्ट दाखवून घ्या. वीज २३० व्होल्ट; आपली दोन गोल पिनांची पिन चालते, तीन पिनांना ॲडॉप्टर लागेल. घड्याळ अडीच तास पुढे करा.